नोंदीबाहेर

शिंप्याच्या दुकानात कोटाच्या बाह्या आखूड करून घेण्यासाठी थांबलेल्या स्टेनोबाईंचा उजवा हात खिशातल्या खिशात एकाएकी थबकला, आणि तो थबकला म्हणूनच इतका वेळ तो चालत होता हे त्यांना कळले. त्यांच्या आधी एका स्थूल गृहस्थांचे माप चालले होते. शिंपी फीत लावून आकडे सांगत होता, त्याची बायको कापडाच्या ढिगाआडून ते टिपून घेत होती, आणि सेवानिवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी ज्यांच्या बोटांना अजून निवृत्ती ठाऊक नव्हती त्या स्टेनोबाई अस्तरावर नखाने तेच आकडे लघुलिपीत उतरवत होत्या. गृहस्थांनी पोट आत ओढून धरले. शिंपी बायकोला म्हणाला, “हे लिहू नकोस गं. साहेब श्वास सोडतील तेव्हा खरं माप येईल.” आणि हात थांबला. त्यानंतर जे झाले ते त्यांना ठाऊकच नाही. एकदम शिंपीण समोर येऊन म्हणत होती, अहो बाई, केव्हाची विचारतेय, अस्तर बदलायचं की तेच ठेवायचं? गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते, हसून हसून आलेले पाणी. शिंपीही हसत होता. स्टेनोबाईंनी विचारले, मध्ये काही बोलणं झालं का? शिंपिणीने त्यांच्याकडे नवलाने पाहिले. “झालं की. साहेबांनी यांची चांगली जिरवली. तुम्ही इथेच तर उभ्या होतात!”

इथेच तर उभ्या होतात. अस्तराचे काय ते न सांगताच त्या रस्त्यावर आल्या. दुपारचे ऊन पदपथावर निर्विकारपणे पसरले होते, आणि त्या उन्हातून चालताना त्यांना आपल्या देहाविषयी एक विलक्षण भीती वाटू लागली; जणू जन्मभर ज्या घरात राहिलो त्याच घरात एक बंद खोली होती आणि तिची किल्ली आपल्याच कमरेला होती. त्यांना लघुलिपीची विद्या देणारे गृहस्थ वृद्ध होते, शिकवताना डोळे मिटून बसत. ते म्हणत, ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये समजणे नावाची एक पायरी असते. ती गाळता आली की वेग आपोआप येतो. स्टेनोबाईंनी ती पायरी इतक्या निष्ठेने गाळली की न्यायालयाच्या त्या उंच छताच्या इमारतीत त्यांचा हात दंतकथा होऊन बसला. साक्षीदार अडखळो, वकील एकमेकांवर ओरडोत, कानात शिरलेला शब्द मनाला न शिवता बोटांतून कागदावर उतरे. खून, फसवणूक, घटस्फोट, सीमेच्या दगडावरून झालेली भांडणे, सगळे त्यांच्यामधून वाहत गेले आणि त्या कोरड्या राहिल्या. या कोरडेपणाचा त्यांना अभिमान होता. आणि न्यायाधीश जेव्हा म्हणत, हे नोंदवू नका, तेव्हा पेन्सिल कागदापासून उचलली जाई. आपण फक्त पेन्सिल उचलतो असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते. कानही उचलला जात होता, हे त्यांना आज एका शिंप्याच्या दुकानात कळले.

आणि म्हणूनच मुलाच्या खटल्याच्या त्या दिवशी ते वाक्य हरवले. चालता चालता त्यांनी एका बंद दुकानाच्या पायरीचा आधार घेतला. इतकी वर्षे त्या स्वतःला सांगत आल्या होत्या की आपण दुःखाने सुन्न झालो होतो, भोवळ आली होती, कोणीतरी खोकले. यातले काहीच नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा, ज्याला घरात सगळे भुंगा म्हणत कारण लहानपणी तो आई काम करत असली की तिच्या खुर्चीभोवती सारखा फेऱ्या मारी, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करून सायकलवरून घरी परतत असताना गोदामांच्या मागच्या रस्त्यावर माल पोचवणाऱ्या एका व्हॅनखाली आला होता. चालवणारा दारू प्यालेला होता. खटला त्याच इमारतीत, त्यांच्या नेहमीच्या दालनाशेजारच्या दालनात चालला. स्टेनोबाई प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या. समोरच्या एका घराच्या खिडकीतून पाहणाऱ्या बाईने साक्ष दिली की व्हॅनवाला खाली उतरला, पडलेल्या मुलाजवळ बसला, दोघे काही बोलत होते, आणि मग तो उठून पळाला. दोघे बोलत होते! सरकारी वकिलांना त्यातले पळाला एवढेच हवे होते, आणि बचावाच्या वकिलांना जवळ बसला एवढेच. काय बोलत होते हे कोणी विचारले नाही. शेवटी आरोपीला काही सांगायचे आहे का असे विचारण्यात आले, तेव्हा तो कठड्याची कड धरून उभा राहिला, त्याने प्रेक्षकांच्या बाकांकडे, स्टेनोबाईंकडे पाहिले, आणि तो म्हणाला, “बाई, तुमच्या मुलानं मला...” न्यायाधीशांनी हात वर केला. “आरोपीनं न्यायालयाशी बोलावं. हे नोंदवू नका.” तो थांबला नाही. तो बोलत राहिला, पट्टेवाला जवळ जाईपर्यंत बोलत राहिला. स्टेनोबाईंना त्याचे हलणारे ओठ आजही दिसत. आवाज नव्हता.

नंतर त्यांनी धीर करून त्या दालनातल्या आपल्या लघुलेखक सहकाऱ्याला गाठले होते. तो चहा पीत होता. तो मनापासून ओशाळला आणि म्हणाला, साहेब नोंदवू नका म्हणाले ना, मग मी कुठून ऐकणार? त्या वेळी तो उडवून लावतो आहे असे वाटून त्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले होते. बिचारा खरे बोलत होता. त्या भरलेल्या दालनात ते वाक्य जतन करण्याची विद्या ज्या दोघांना होती, नेमके ते दोघेच त्या क्षणी बहिरे होते. वकिलांना आठवत नव्हते. धाकटी बहीण, जी एरवी सावलीसारखी बरोबर असे, त्या दिवशी तापाने घरी होती. शिक्षा झाली, निकालपत्र निर्दोष टंकलिखित होते, एकही खाडाखोड नव्हती. लोक म्हणाले, न्याय मिळाला. त्या मान हलवीत. खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला सरकार होते आणि दुसऱ्या बाजूला तो माणूस. मुलगा त्यांचा होता, परंतु फिर्याद सरकारची होती. आणि सरकारला मुलाचे शेवटचे शब्द ऐकण्याची ओढ असण्याचे काही कारण नव्हते.

ओढ. तिला दुसरा शब्द त्यांना कधी सापडला नाही. शोक म्हणावा तर शोकाला काठ असतात, तो चढतो नि ओसरतो; ही अखंड होती, घशात अडकलेल्या हाकेसारखी. कोण्या काळी साक्ष देऊन गेलेल्या अनोळखी माणसांची वाक्येच्या वाक्ये त्यांना तोंडपाठ होती. एका सुताराने पंच म्हणून दिलेला जबाब त्या आजही म्हणून दाखवू शकत. आणि भुंग्याचे? तो शाळेतून येऊन सांगे, आई, आज काय झालं माहितीये का. आणि त्या टंकयंत्रावर नोंदींची प्रत करत हं म्हणत. तो फेऱ्या मारत सांगत राही, त्या हं म्हणत राहत. मोठा झाल्यावर तो थट्टेने म्हणे, आई, तुझ्याशी बोलायचं तर माणसानं गुन्हा करायला हवा. त्याचे हसणे आठवे, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहणे आठवे, बोटांच्या पेरांत रुतलेली भिंगांची पांढरी भुकटी आठवे. पण वाक्ये, सलग, त्याच्या स्वतःच्या शब्दांतली, फार थोडी. आणि जे शेवटचे होते ते एका परक्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत आले होते, आणि त्यांनी पेन्सिल उचलली होती.

मध्यस्थीचे काम करणाऱ्या एका संस्थेने पूर्वीच त्यांना विचारून पाहिले होते. ज्याच्या हातून गुन्हा घडला तो आणि ज्याचे नुकसान झाले तो, अशा दोघांची इच्छा असेल तर त्यांना तुरुंगाच्या आतच समोरासमोर बसवायचे, एवढेच ते लोक करत. तेव्हा त्यांनी शांतपणे फोन ठेवून दिला होता. शिंप्याच्या दुकानातून परतल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. धाकटीला कळले तेव्हा ती तडक घरी आली, पर्स खुर्चीवर आपटली आणि उभ्यानेच सुरू झाली. तिने विचारले, तो सुटायला बघतोय ना? स्टेनोबाई म्हणाल्या, या भेटीने शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही. मग त्याला काय मिळतं? ते त्याला ठाऊक. धाकटी म्हणाली, “आणि तू? तू काय आता माफी वाटत फिरणार आहेस? वर्तमानपत्रात फोटो यायचा, हात हातात घेतलेला.”

“माफीचं मला काही कळत नाही गं,” स्टेनोबाई म्हणाल्या. “त्याच्याकडे माझी एक वस्तू राहिलीये. ती आणायला जातेय.”

धाकटी खाली बसली.  मग म्हणाली, तो भलतंच काही सांगेल. तुला बरं वाटावं म्हणून सांगेल. मग तू काय करशील? स्टेनोबाई त्या एका रात्रीच नव्हे तर पुढचे कित्येक दिवस त्या प्रश्नाशेजारी राहिल्या.

संस्थेतर्फे आलेल्या मध्यस्थबाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांच्या बोलण्याला जखम धुणाऱ्या हाताची सवय होती. त्या दोन-तीनदा घरी येऊन गेल्या, मधल्या काळात व्हॅनवाल्यालाही भेटून आल्या. त्यांनी कशाचेही आश्वासन दिले नाही. त्या म्हणाल्या, तो यायला तयार आहे, घाबरलेलाही आहे. त्याला सगळं आठवेलच असं नाही. तुम्ही कधीही उठून जाऊ शकता, तोही जाऊ शकतो. कायदा कोणतं कलम मोडलं ते विचारतो, आम्ही कोणाला लागलं आणि त्याला आता काय हवंय ते विचारतो, बाकी आम्हाला काही येत नाही. शेवटी त्यांनी सहज सांगितले की त्या खोलीत कोणी काही लिहून घेत नाही, ध्वनिमुद्रणही नाही. स्टेनोबाई दचकल्या. “मग ते राहतं कुठे?”  “तुमच्यापाशी,” मध्यस्थबाई म्हणाल्या.

तुरुंगातली ती खोली एखाद्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखी होती. फिकट भिंती, उंचावर एक जाळीची खिडकी, समोरासमोर येतील अशा तीन खुर्च्या, मधल्या स्टुलावर पाण्याचा तांब्या. टेबल नव्हते, आणि टेबल नसल्यामुळे आपले हात कुठे ठेवावेत हे स्टेनोबाईंना कळेना. रक्षक दार अर्धवट लोटून बाहेर उभा राहिला. व्हॅनवाला आत आला तेव्हा त्यांनी त्याला ओळखले नाही. त्यांच्या मनात कठडा धरून उभा असलेला काळ्याभोर केसांचा दांडगा पुरुष होता; हा आता करडा, किंचित पोक आलेला, तुरुंगाच्या भटारखान्यात काम करणारा माणूस होता आणि त्याच्या अंगाला भाजलेल्या पिठाचा वास येत होता. तो वास त्यांना आवडला, आणि आवडला याचा त्यांना राग आला. मध्यस्थबाईंनी दोघांना पाणी दिले. तो पेला हातात धरून बसला, पाणी प्याला नाही. कसे सुरू करायचे याची किती तयारी केली होती, किती वाक्ये घडवून मोडली होती. प्रत्यक्षात त्या सरळ मुद्द्यावर आल्या, उलटतपासणीला उभ्या राहणाऱ्या वकिलासारख्या. कोर्टात तुम्ही माझ्याकडे बघून काही बोलला होतात, साहेबांनी ते थांबवलं. तो म्हणाला, हो. त्यांनी विचारले, काय बोलला होतात?

व्हॅनवाल्याने मान खाली घातली. “शब्द नाही आठवत, बाई. बोलायला लागलो आणि साहेब म्हणाले लिहू नका. नंतर वकील फार रागावले. ते शब्द गेले.”

गेले. स्टेनोबाईंना वाटले, खोलीतली हवा कोणीतरी हळूच काढून घेतली. म्हणजे आता ते कोठेच नव्हते; कागदावर नाही, कानात नाही, बोलणाऱ्याच्या जिभेवरही नाही. मध्यस्थबाई मदतीला धावल्या नाहीत. उंचावरच्या जाळीतून बाहेरच्या आवारातल्या झाडूचा खरखराट येत होता. मग तो पुन्हा बोलू लागला. तो म्हणाला, कोर्टात काय शब्द आले ते गेले, पण सांगायचं काय होतं ते गेलं नाही. ते रोज असतं. आणि त्याने सांगितले. तो गाडीतून उतरला तेव्हा मुलगा शुद्धीवर होता, सायकलशेजारी कुशीवर पडलेला, आवाज अगदी स्वच्छ. ओरडत नव्हता. त्याने विचारले, तुम्हाला लागलं का? व्हॅनवाला नाही म्हणाला. मग मुलाने त्याचे नाव विचारले. स्टेनोबाईंची बोटे गुडघ्यावर हलू लागली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ती घट्ट धरली, आणि धरल्याबरोबर एखादे पाणी बांधावरून आत यावे तसा तो आवाज त्यांच्या आत येऊ लागला. बोटांना न देता ऐकायचे म्हणजे असे असते तर. प्रत्येक शब्द आत येऊन थांबत होता, बसत होता, जागा मागत होता. साक्षीदारांचे एवढे आयुष्य त्यांच्यामधून गेले होते, आणि ऐकणे इतके दुखते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

“मी खोटं नाव सांगितलं,” तो म्हणाला. “पोलिसांची भीती डोक्यात होती. कुठल्यातरी गाडीच्या मागे रंगवलेलं वाचलं होतं ते तोंडात आलं. आणि तो त्याच नावानं हाक मारायला लागला मला. दादा लावून. म्हणाला, दादा, जरा बसा. मी बसलो.” त्याने जाळीच्या खिडकीकडे पाहिले. “मग समोर खिडकीत कोणीतरी आलं. मी उठलो. तो पुन्हा म्हणाला, जरा बसा. मी पाठ फिरवली होती तोवर. तेच सांगायचं होतं तुम्हाला कोर्टात. की त्यानं मला बसायला सांगितलं होतं, आणि नाव सुद्धा खरं नव्हतं त्याच्याजवळ.”

दादा, जरा बसा. स्टेनोबाईंनी ते वाक्य मनात धरून पाहिले. किती लहान, किती साधे, आणि किती त्याचे. दारात आलेल्या कोणालाही तो तसेच म्हणे. हेच ते होते, ज्यासाठी त्या एवढी वर्षे तळमळल्या. आणि ते हाती येताच त्यांच्या ध्यानात आले की आपली ओढ शमली नाही, ती केवळ एक पाऊल पुढे सरकली आहे. कारण या वाक्यात त्या नव्हत्या. त्यांना सगळेच खरे हवे होते, पण त्यातही एक खरे अधिक हवे होते. त्यांनी विचारले, आणि विचारताना आपला आवाज कोण्या लहान मुलीचा असावा असे त्यांना वाटले, “माझ्याबद्दल काही बोलला?”

व्हॅनवाला थांबला. हे थांबणे त्यांना ठाऊक होते. आठवणाऱ्याचे थांबणे वेगळे असते, तेव्हा डोळे दूर जातात; हा त्यांच्याकडेच पाहत होता, त्यांच्या चेहऱ्यावर काय मागितले आहे ते वाचत होता. त्याच्या तोंडाभोवती एक कोमलता जमत होती, आणि ती खोट्याची होती. धाकटी म्हणाली होती तेच. आणि स्टेनोबाईंना, ज्यांनी सत्याची इतकी कागदोपत्री सेवा केली, त्या खोट्याची अशी काही तहान लागली की त्यांचा सगळा देह पुढे झुकला. सांग. आई म्हणाला म्हणून सांग. काहीही सांग, मी ते जन्मभर उशाशी ठेवीन, कोणाला दाखवणार नाही, उलटतपासणी करणार नाही. मध्यस्थबाई तांब्याकडे पाहत होत्या. आवारातला झाडू थांबला होता.

“नाही, बाई,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “हो म्हणणार होतो. पण त्याच्याशी एकदा खोटं बोललोय.”

त्या मागे टेकल्या. डोळ्यांतून पाणी येत होते ते त्यांनी पुसले नाही. काही तरी कायमचे मिटले होते. आई हा शब्द त्या रस्त्यावर उच्चारला गेला नव्हता आणि आता कधीच उच्चारला जाणार नव्हता. पण त्या रिकामपणाला खोटी भिंत नव्हती. त्यात हात घालता येत होता. मुलगा तिथे होता, सायकलशेजारी, परक्या माणसाला लागले का विचारणारा, एका खोट्या नावावर विश्वास ठेवणारा; आणि त्याला तसा पाहणारा जगात एकच माणूस होता, आणि तो हा होता, यानेच त्याला मारले होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवण्याची जागा आपल्यापाशी नाही, असे त्यांना वाटले. आणि तरीही त्या दोन्ही तिथेच होत्या, त्या लहानशा खोलीत, शेजारी शेजारी.

मध्यस्थबाईंनी हलकेच विचारले, तुम्हाला यांना काही सांगायचं आहे का? स्टेनोबाईंनी नकारार्थी मान हलवली. क्षमा शोधून पाहिली, ती सापडली नाही. रागही, जो इतका ओळखीचा होता, या क्षणी कुठेतरी बाहेर उभा होता. व्हॅनवाल्याने न प्यालेले पाणी स्टुलावर ठेवले. रक्षकाने दार उघडून आत डोकावून वेळ झाल्याचे सांगितले, आणि इतक्या वर्षांची आज्ञाधारकता अंगात मुरलेला तो माणूस तत्काळ उठला, खुर्ची नीट सरकवली, त्यांच्याकडे न पाहता वळला. त्याची पाठ त्यांना दिसली, करड्या कापडाखाली किंचित वाकलेली, दाराकडे निघालेली.

“जरा बसा,” स्टेनोबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले तेव्हा ते कोणाचे आहेत हे त्यांना कळले नव्हते. तो जागच्या जागी उभा राहिला. त्याने रक्षकाकडे पाहिले, मध्यस्थबाईंकडे पाहिले, आणि मग वळून, हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या माणसासारखा, परत खुर्चीवर येऊन बसला. रक्षकाने एकवार आत पाहिले आणि बाहेरून दार ओढून घेतले.  तो बसून राहिला.